नवशिक्या पाणबुड्याचीं साधनें

आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र शेंकडों किलोमीटर दूर आहे. येथील पुष्कळ मुलांनीं तो चित्रांतच पाहिला, आणि ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिला त्यांनींही बहुधा सहलीच्या एखाद्या दिवशीं, घोटाभर पाण्यांत उभें राहून. अशा शहरांतील शाळेच्या वार्षिकांत पाणबुड्याच्या साधनांविषयीं लेख पाहून एखादे पालक हंसले, तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. ज्या मुलखाचें निम्में आयुष्य पाण्याची वाट पाहण्यांत गेलें, तेथील मास्तरांना बुडी मारण्याचे विचार सुचावेत, हें थोडें विचित्र खरेंच.

परंतु हा विषय मीं हौसेनें घेतलेला नाहीं. तो पत्रानें माझ्याकडे चालून आला. सुमारें दहा वर्षांपूर्वीं आपल्या शाळेंतून दहावी उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी सध्यां स्कॉटलंडांत यंत्रविद्येचें उच्च शिक्षण घेत आहे. त्याचें पत्र गेल्या पावसाळ्यांत आलें. त्यानंतर दिवाळीच्या सुटींत आपल्या मुलांची सहल मालवणास जाऊन आली, आणि परत आल्यावर दोन पालकांनीं मला जवळजवळ तोच प्रश्न विचारला. तेव्हां एकाला दिलेलें उत्तर सर्वांपुढें ठेवावें असें वाटलें.

पत्राचा मजकूर थोडक्यांत असा. त्यानें परदेशीं जाण्यापूर्वीं अंदमानांत स्कूबा डायव्हिंगचें, म्हणजे पाठीवर हवेची टांकी बांधून पाण्याखालीं जाण्याचें, प्राथमिक शिक्षण घेतलें होतें. तेथें पाणी कोमट होतें, आणि साधनें शिक्षकांनींच निवडून दिलेलीं होतीं. स्कॉटलंडांत गेल्यावर आपण आतां जाणते झालों असें त्याला वाटलें. मोठी सवलत पाहून त्यानें घरबसल्या एक संपूर्ण संच मागविला: अंगाबरोबर बसणारा काळा सुबक पोशाख, रुंद कांचेचा मास्क, रंगीत फिन्स. ऑक्टोबर महिन्यांत तो चार ओळखीच्या पाणबुड्यांबरोबर तेथील एका सरोवरांत उतरला. पाण्याचें तापमान 11 अंश सेल्सिअस होतें, आणि पोशाखाची जाडी होती 3 मिलिमीटर. म्हणजे तो पोशाख उष्ण समुद्रासाठीं केलेला होता. बारा मीटर खोलीवर तो थरथर कांपूं लागला. डोक्यावरील टोपीची कड मास्कखालीं अडकल्यामुळें मास्कमध्यें पाणी झिरपूं लागलें. तें बाहेर काढण्याची रीत त्याला येत होती. परंतु बोटें इतकीं बधिर झालीं होतीं कीं, जाकिटांत हवा भरण्याची कळ हाताशीं असून सांपडेना. सोबतच्या एका वयस्क पाणबुड्याच्या तें ध्यानांत आलें, आणि त्यानें त्याचा दंड धरून सावकाश वर आणिलें म्हणून निभावलें.

या पत्रांतील एका वाक्यानें माझी झोंप उडविली. तो लिहितो, “सर, पहिल्या पांच मिनिटांतच मला थंडी वाजूं लागली होती, पण एवढे पैसे घालून घेतलेला पोशाख, आणि त्याचा पहिलाच दिवस. वर जाऊं या, असें खुणेनें सांगण्याची लाज वाटली.” आणि शेवटीं प्रश्न: “आतां नवीं साधनें घ्यावयाचीं आहेत. कोणतीं घेऊं?”

हा प्रश्न त्यानें मला विचारला, याचें कारण उष्णता, दाब आणि तरंगणें हीं प्रकरणें त्याला मींच शिकविलीं. मी स्वतः पाणबुड्या नव्हें. मालवणजवळ तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें स्कूबा शिकविण्याची संस्था काढली आहे. त्या किनाऱ्यावर एकदां शिक्षकाचा हात धरून पाण्याखालीं गेलों, एवढीच माझी मजल. तथापि विचार करूं लागल्यावर मला आढळलें कीं, या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकांतच आहे. उरलेलें जाणत्यांस विचारून व वाचून मिळविलें.

माझें मत प्रारंभींच सांगून टाकतों. नवशिक्यानें साधन निवडतांना तें किती भारी आहे हें पाहूं नये. तीन गोष्टी पाहाव्या. तें आपल्या अंगाला बसतें काय? ज्या पाण्यांत उतरावयाचें त्या पाण्याच्या थंडीला तें पुरें पडतें काय? आणि बधिर बोटांनीं, घाबरलेल्या मनानें, तें आपणांस वापरतां येतें काय? या तिहींपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर “नाहीं” असें आलें, तर तें साधन कितीही सुंदर असो, आपलें नव्हे. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरांत घालून घेत नाहीं.

या तीन प्रश्नांचा पहिला धडा मला समुद्रानें नव्हे, तर पैठण तालुक्यांतील एका विहिरीनें शिकविला. आमच्या लहानपणीं पोहणें शिकावयाचें म्हणजे पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरींत उतरावयाचें. मी आठ वर्षांचा असतांना माझ्या चुलतभावाचा भोपळा माझ्या पाठीला बांधण्यांत आला. तो भाऊ माझ्याहून थोराड. भोपळाही मोठा, आणि दोरी त्याच्याच मापाची. पाण्यांत पडतांच दोरी पाठीवरून कमरेखालीं घसरली. भोपळ्यानें आपलें काम चोख केलें. तो वर आला. परंतु तो माझ्या मांड्यांशीं होता, त्यामुळें माझे पाय वर आले आणि डोकें खालीं गेलें. थोरल्या काकांनीं उडी टाकून मला काढलें नसतें, तर हा लेख लिहावयास मी उरलों नसतों. साधन उत्तम होतें. तें माझ्या अंगाचें नव्हतें, एवढेंच.

त्याच विहिरीनें दुसरा धडा दिला. चैत्र-वैशाखांत वरचें पाणी उन्हानें कोमट झालेलें असे. परंतु बुडी मारून पुरुषभर खालीं गेलें कीं एकाएकीं गार पाण्याचा थर लागे आणि छाती दडपून जाई. श्वास आपण घेत नाहीं, तर कोणीतरी आपल्या छातींतून तो ओढून काढीत आहे, असें वाटे. अंगाला थंड पाण्याचा एकाएकीं स्पर्श होतांच मनुष्य आपोआप जोराचा श्वास आंत घेतो, हें शास्त्रज्ञांनीं पुढें पुष्कळ अभ्यासलें आहे. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल, तर चांगला पोहणाराही नाकातोंडांत पाणी जाऊन बुडूं शकतो. कॅनडांतील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनीं हें सामान्य लोकांस समजावें म्हणून एक सोपा हिशोब सांगितला आहे. अगदीं थंड पाण्यांत मनुष्य पडला, तर श्वास ताब्यांत आणावयास त्याला सुमारें 1 मिनिट लागतें. हातपाय उपयोगाचे राहतात ते सुमारें 10 मिनिटें. आणि शरीर गारठून शुद्ध हरपण्यास सुमारें 1 तास लागतो. हा हिशोब पोशाखाविना पाण्यांत पडलेल्याचा आहे. परंतु त्यांतील क्रम प्रत्येक पाणबुड्यानें ध्यानांत ठेवावा. थंडी आधीं श्वास हिरावते, मग हात, आणि शेवटीं शुद्ध.

याचा सर्वांत दारुण पुरावा 1912 सालच्या एप्रिल महिन्यांत टायटॅनिक बोट बुडाली तेव्हां जगाला मिळाला. पाण्यांत पडलेल्या बहुतेकांच्या अंगावर तरंगण्याचे पट्टे होते, आणि ते पट्टे निकामी नव्हते. माणसें तरंगत राहिलीं. परंतु समुद्राचें तापमान गोठणबिंदूच्याही खालीं, सुमारें उणे 2 अंश होतें. ते लोक मुख्यतः थंडीनें गेले. म्हणजे साधन होतें, पण तें अर्ध्याच संकटाचें होतें. बुडण्यापासून वांचविणारी वस्तु गारठण्यापासून वांचवीलच असें नाहीं, हें नवशिक्यानें प्रथम शिकावें.

आतां पोशाखाकडे वळूं. पाणी हें हवेच्या मानानें सुमारें 25 पट वेगानें उष्णता वाहून नेतें. आपलें शरीर 37 अंशांचें, आणि तें 35 अंशांच्या खालीं उतरलें कीं धोका सुरू होतो. मध्यें अंतर केवळ दोन अंशांचें आहे. म्हणूनच मालवणच्या कोमट पाण्यांतसुद्धां अर्ध्या तासानंतर किडकिडीत मुलांच्या दांतांवर दांत आपटूं लागतात. तर स्कॉटलंडच्या समुद्रांत, जेथें पाणी हिंवाळ्यांत 6-7 अंश व भर उन्हाळ्यांतही 13-14 अंशांच्या आसपास असतें, तेथील गोष्ट काय सांगावी!

पाणबुड्याचा जो वेटसूट असतो, तो पाण्याला अडवीत नाहीं. तो निओप्रीन नांवाच्या रबरासारख्या पदार्थाचा असतो, आणि त्या पदार्थांत वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ते बुडबुडे उष्णता बाहेर जाऊं देत नाहींत. ही युक्ति अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक ह्यू ब्रॅडनर यांनीं 1952 च्या सुमारास काढली. पोशाख आणि कातडी यांमध्यें पाण्याचा पातळ थर शिरतो. अंग त्याला ऊब देतें, आणि तो तेथेंच राहिला तर त्रास देत नाहीं. परंतु पोशाख सैल असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर ऊबदार पाणी बाहेर जाऊन थंड पाणी आंत येतें. फार घट्ट असेल तर छाती फुगविण्यास अडथळा होतो. म्हणून पोशाख अंगांत घालून, बसून, वांकून, हात वर करून पाहिल्याखेरीज घेऊं नये. छायाचित्र पाहून मागविलेला पोशाख हा दुसऱ्याच्या पाठीवर मोजलेला भोपळा होय.

जाडीचा हिशोब स्थूलमानानें असा सांगतात. पाणी 24 अंशांच्या वर असेल तर 3 मिलिमीटर. 18 ते 24 अंशांत 5 मिलिमीटर. त्याहून थंड पाण्यांत 7 मिलिमीटर, आणि सोबत डोक्याची टोपी, हातमोजे व पायांतील बूट. आणि पाणी 10-12 अंशांच्या खालीं गेलें कीं ड्रायसूट. कृश प्रकृतीच्या माणसानें एक पायरी जाड घ्यावें. येथें आमच्या विद्यार्थ्याला न सुचलेली आणखी एक गोष्ट आहे. पाण्यांत दर 10 मीटर खोलीला वातावरणाच्या एका दाबाइतका दाब वाढतो. आपल्या पाणचक्कीला टेकडीकडून बंद नळांतून आलेलें पाणी दाबानें भिंतीवर चढतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. तोच दाब येथें उलट काम करितो. 10 मीटरवर वायूचें आकारमान निम्में होतें, म्हणून निओप्रीनमधील बुडबुडेही दबतात, आणि कांठावर 3 मिलिमीटर असलेला पोशाख खालीं तितका उरत नाहीं. जेथें थंडी अधिक तेथेंच पोशाख पातळ! कांठावर पुरेसा वाटणारा पोशाख खोलींत पुरेल असें समजूं नये, तें यासाठीं.

ड्रायसूट हा मनगटाशीं व गळ्याशीं पाणी रोखणारा कोरडा पोशाख. त्याच्या आंत लोंकरीसारखे ऊबदार कपडे घालतात, आणि खालीं जातांना त्यांत थोडी थोडी हवा सोडतात. अत्यंत थंड पाण्यांत त्याला तोड नाहीं. परंतु तो नवशिक्यानें स्वतंत्र शिक्षणावांचून घालूं नये. कारण त्यांतील हवा जर पायांकडे धांवली, तर पाय वर व डोकें खालीं होऊन मनुष्य वेगानें पृष्ठभागाकडे ओढला जातो. माझ्या भोपळ्याची हकीकत वाचकांना आठवत असेलच. अडीचशें रुपयांच्या भोपळ्याचें आणि लाखाच्या पोशाखाचें शास्त्र एकच आहे.

पोशाखाखालोखाल मास्क. मास्कची परीक्षा सर्वांत सोपी व सर्वांत दुर्लक्षित आहे. पट्टा न लावतां तो चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकानें हलकेच श्वास ओढावा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. गळून पडला तर दुकानदार कांहींही सांगो, तो परत ठेवावा. ही परीक्षा टोपी घालूनही करावी; कारण टोपीची कड किंवा केसांची एक बट आंत सांपडली तरी पाणी झिरपतें. मिशा राखणाऱ्यांनीं विशेष जपावें. नाकाचा भाग मऊ व मोज्यांतील बोटांनीं चिमटींत धरतां येईल असा असावा. कारण खालीं जातांना कानांतील दाब सारखा करण्यासाठीं नाक पुनःपुनः दाबावें लागतें. चष्मा लावणाऱ्यांस आपल्या नंबरच्या कांचा बसविलेला मास्क मिळतो. वस्तु लहान आहे. पण नवशिक्याचें धैर्य बहुधा तेथूनच झिरपून जातें.

हातमोज्यांविषयीं पुस्तकांत चार ओळी असतात. माझ्या मतें चार पानें असावीं. पाण्याखालीं मनुष्याचें सर्व बोलणें व सर्व काम हातांनीं चालतें. तो खूण हातानें करितो, कळ हातानें दाबतो, शिशाचा पट्टा हातानें सोडतो. मोजे नसले तर बोटें बधिर होतात. आणि मोजे जाड असले तर बोटांना कळ लागत नाहीं. म्हणून मोजे घातल्यावर आपल्या साधनांवरील प्रत्येक पट्टा, प्रत्येक खटका डोळे मिटून उघडतां व लावतां येतो कीं नाहीं, हें आधीं कोरड्या जमिनीवर पाहावें. जें साधन मोज्यांच्या हातांनीं सुटत नाहीं, तें थंड पाण्यांत नवशिक्याचें नव्हे. पायांतील फिन्सही थंड पाण्यासाठीं मागें पट्टा असलेल्या व आंत जाड बूट मावेल अशा घ्याव्या. अनवाणी पायांत घालावयाच्या फिन्स कोमट समुद्रासाठीं बऱ्या.

श्वासाचें यंत्र, ज्याला पाणबुडे रेग्युलेटर म्हणतात, तें फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या जोडीनें 1943 सालीं प्रथम व्यवहारांत आणलें. टांकींतील प्रचंड दाबाची हवा तें श्वासापुरती सोडतें. सायकलच्या चाकांतील हवा भसकन् सोडतांना तेथें बोट धरून पाहा. हवा गार लागते. दाबांतून एकदम सुटणारी हवा थंड होते, हा नियमच आहे. पाणी आधींच थंड असेल, तर या यंत्रांत बर्फाचे कण धरतात, झडप उघडीच राहते, आणि हवा अनावर सुटून टांकी भराभर रिकामी होते. युरोपीय मानकांत 10 अंशांखालील पाणी हें थंड पाणी समजतात, व त्यासाठीं यंत्राची निराळी परीक्षा घेतात. तेव्हां थंड पाण्यांत उतरणाऱ्यानें त्या परीक्षेंत उतरलेलें यंत्र आहे काय, आणि त्याची देखभाल वेळच्यावेळीं झाली आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून तें तोंडांत धरूं नये; मग तें मित्राचें असो, भाड्याचें असो, किंवा नवें कोरें असो.

राहिलें शिसें व जाकीट. जाड पोशाख तरंगूं पाहतो, म्हणून बुडण्यासाठीं कमरेला शिसें बांधावें लागतें. खोलींत पोशाख दबला कीं त्याची तरंगण्याची शक्ति घटते, शिसें मात्र तेवढेंच राहतें. ही तूट जाकिटांत हवा भरून काढावयाची असते. म्हणून अंदमानांत पुरलेलें जाकीट थंड देशांत पुरेलच असें नाहीं, आणि तेथील शिशाचा आंकडा येथें उपयोगाचा नाहीं. प्रत्येक नव्या पोशाखाबरोबर हा हिशोब जाणत्याच्या देखत, उथळ पाण्यांत, नव्यानें मांडावा. संकटकाळीं शिसें एका हाताच्या झटक्यानें टाकतां आलें पाहिजे.

आतां पैशांचा प्रश्न. एक पालक मला म्हणाले, “घ्यावयाचें तर एकदांच उत्तम घ्यावें, हौसेला मोल नसतें.” या विचारांत तथ्य आहे, स्वस्त यंत्रावर आपला श्वास सोंपवावा असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु नवशिक्याला उत्तम म्हणजे काय हेंच अद्यापि ठाऊक नसतें. त्याला ना आपलें अंग कळलेलें, ना तें पाणी. म्हणून माझ्या मतें पैसा या क्रमानें खर्चावा. प्रथम पोहणें, मग वैद्याची तपासणी, मग मान्यताप्राप्त शिक्षकाकडील शिक्षण. आणि देश बदलला, तर तेथील थंड पाण्याचें शिक्षण पुन्हां. साधनांत प्रथम स्वतःचा मास्क. नंतर बूट, टोपी व मोजे. नंतर, दहा-पांच वेळां भाड्याच्या पोशाखांत उतरून आपली प्रकृति कळल्यावर, पोशाख. जाकीट व रेग्युलेटर जाणत्या संस्थेकडून भाड्यानें घेऊन शिकावें, आणि सर्वांत शेवटीं विकत घ्यावें. शिक्षणाला कात्री लावून साधनांवर पैसा ओतणें म्हणजे दिवा विकून तेल घेण्यासारखें आहे.

दुसरे एक पालक याच्या उलट बाजूचे. ते म्हणाले, “आम्ही डब्यावर, भोपळ्यावर शिकलों, आम्हांला कोठें लागलीं हीं थेरें?” त्यांना माझें सविनय सांगणें कीं, जे शिकले तेच आज सांगावयास उरले आहेत. आपल्या भागांतील विहिरी, तळीं आणि नाथसागराचा कांठ यांनीं जीं मुलें नेलीं, त्यांचें मत आपणांस कधींच ऐकूं येणार नाहीं. काटकसर चांगली, परंतु ती मुलाच्या श्वासांतून करूं नये.

कोणी चतुर विद्यार्थी पुण्याच्या रोहन मोरे यांचें उदाहरण देईल. जगांतील सात कठीण सामुद्रधुन्या पोहून जाण्याचा ‘ओशन्स सेव्हन’ हा उपक्रम त्यांनीं 2018 सालीं पुरा केला, आणि असें करणारे ते पहिले आशियाई ठरले. त्यांतील कित्येक ठिकाणचें पाणी अंग गोठविणारें असतें, आणि तेथील नियमांनुसार ऊब राखणारा पोशाख घालतां येत नाहीं. मग आम्हांलाच मोजे व टोपी कशाला? याचें उत्तर असें कीं, त्यांनीं पोशाख टाकला तो वर्षानुवर्षें शरीराला थंडीची संवय लावल्यानंतर, आणि सोबत चालणाऱ्या बोटींतील माणसांच्या डोळ्यांदेखत. शिवाय ते पृष्ठभागावर पोहतात. पाण्याखालील माणसाला थंडी वाजली तरी तो एकदम वर येऊं शकत नाहीं, त्याला सावकाशच यावें लागतें. निष्णातानें जें टाकलें तें पाहून नवशिक्यानें टाकूं नये. निष्णातानें जें आधीं केलें तें पाहून करावें.

आतां पुन्हां त्या पत्रांतील वाक्याकडे येतों, कारण माझ्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म तेथेंच आहे. त्या मुलाचा पोशाख पातळ होता, मास्क झिरपत होता. पण त्याला मरणाच्या दाराशीं नेलें तें लाजेनें. पाणबुड्यांचा एक जुना आणि उदार नियम आहे: कोणीही, केव्हांही, कोणत्याही कारणासाठीं वर जाण्याची खूण करावी, मग सर्वांनीं वर जावें, आणि कारण विचारून कोणी त्याला हिणवूं नये. अंगठा वर करणें एवढीच ती खूण. पृष्ठभागावर तिचा अर्थ शाबासकी होतो. पाण्याखालीं तिचा अर्थ “पुरे, आतां परत” असा आहे. ज्या साधनाच्या किंमतीमुळें, दिमाखामुळें किंवा नवेपणामुळें आपला तो अंगठा वर येण्यास कचरतो, तें साधन आपलें रक्षण करीत नसून आपणांस ओलीस धरीत आहे, असें समजावें.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांतील फार थोडे पाणबुडे होतील. परंतु तुमच्यांतील पुष्कळ जण थंड देशांत, परक्या शहरांत, अनोळखी कामांत उतरणार आहेत, आणि तेथें प्रत्येक ठिकाणीं कोणीतरी तुम्हांला एक चकचकीत संच विकावयास उभा असेल. तेव्हां तो अंगाला बसतो कीं नाहीं, तेथील थंडीला पुरतो कीं नाहीं, आणि संकटांत आपल्या हातांनीं सुटतो कीं नाहीं, एवढें पाहा. आणि पालकांस विनंति कीं, मुलगा किंवा मुलगी अर्ध्यांतून परत आली, तर खर्चाचा हिशोब त्या दिवशीं काढूं नये. परत आलेल्या मुलाला साधनें पुन्हां घेऊन देतां येतात.

मीं त्या विद्यार्थ्याला काय उत्तर पाठविलें, तें सांगून हा लेख पुरा करितों. मीं लिहिलें कीं, इतक्यांत कांहींच विकत घेऊं नकोस. तेथील शिक्षकाकडे जा, त्यांच्या जाड पोशाखांत उथळ पाण्यांत उतर, आणि पहिल्याच दिवशीं थंडी वाजली नाहीं तरी एकदां अंगठा वर करून पाहा. ती खूण हाताच्या वळणीं पडली पाहिजे. त्याचें उत्तर नाताळापूर्वीं आलें. त्यानें केवळ एक मास्क घेतला आहे. टोपी घालून, श्वास ओढून, पारखून घेतलेला. आणि पहिल्या दिवशीं त्यानें अंगठा दोनदां वर केला. त्यांतील एक खूण, तो लिहितो, खरोखरीची होती.